'बेधडक'चा चौथा निरोपसमारंभ

१४ जानेवारी, मंगळवार

काल आमच्या 'बेधडक' या शिडाच्या बोटीचा निरोपसमारंभ झाला. चौथा. तीन वर्षांपूर्वीचा धरला तर पाचवा, पण त्या वेळी पाऊस आला आणि शंख वाजलाच नाही, म्हणून मी तो धरत नाही.

सगळं बंदर किनाऱ्यावर जमलं होतं. प्रत्येक बोटीने एकेक पदार्थ आणायचा असतो. अकरा बोटींनी मॅकरोनी आणली. विनीने भाषण केलं, सूर्य बुडताना गॉर्डनने शंख फुंकला, आणि मॅव्हिस रडली. माझी बायको दर निरोपाला रडते. या वेळी कमी रडली. मधेच एकदा विनीकडे बघून हसल्यासारखीही वाटली. दमली असेल.

आज सकाळी निघायचं होतं. उठून बघतो तर आग्नेयेचा वारा, माझ्या अंदाजाने तेहतीस नॉट. असल्या वाऱ्यात मुलीकडे ग्रेनाडाच्या दिशेने निघणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. थांबलो. हवा सुधारली की निघू.

१५ जानेवारी, बुधवार

आज जे झालं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

सकाळी आठ वाजता या बंदरातल्या दोनशे बोटी रेडिओ लावून बसतात. विनी सूत्रं हलवते. चाळीस वर्षं कोर्टात पुकारा करण्यात गेली तिची, त्यामुळे आवाज असा की समोरचा आपोआप उभा राहतो. आधी ती यादीतल्या बोटींची नावं वाचते, मग कोणाचं काय हरवलं, कोणाकडे जास्तीचं काय आहे, आणि मग हवामान. हवामान गेली नऊ वर्षं मी सांगतो.

आज यादीत 'बेधडक' आली नाही. मी माइक उचलला. "सुप्रभात, 'बेधडक'वरून लॉर्न बोलतोय—"

"कोणी काही म्हणालं का?" विनी म्हणाली. "मला नुसती खरखर आली. असो. हवामान आता 'उशिरा का होईना' बोटीवरून डेल सांगेल."

हा डेल ओहायोत गालिचे विकायचा. वारा पंधरा नॉट, म्हणे. उद्यापासून आणखी पडेल, म्हणे. "दक्षिणेकडे जाणाऱ्यांना उत्तम हवा." उत्तम! नऊ वर्षांत या बंदराने माझ्या तोंडून हा शब्द ऐकलेला नाही, आणि ते उगाच नाही.

डिंगी, म्हणजे आमची छोटी होडी, वल्हवत तडक विनीच्या बोटीवर गेलो.

"विनी, हा काय चावटपणा आहे?"

"गेल्या महिन्यातल्या सभेचा ठराव आहे, लॉर्न. एकदा निरोप घेतला की माणूस गेला. यादीतून नाव कमी, कामं दुसऱ्याकडे. दरवेळी केक करून करून लोक कंटाळलेत."

"मी तुझ्यासमोर उभा आहे!"

"तो तुझा प्रश्न आहे. कागदोपत्री तू गेलास."

"मला कोणी विचारलं?"

"तू त्या दिवशी बोटीचं बूड घासत होतास. मॅव्हिस होती की सभेला."

मॅव्हिसला विचारलं, ठराव मांडला कोणी? ती म्हणाली, "गर्दी होती रे. मी मागे बसले होते." विनीची वही मागून बघितली. त्यात 'एका सुज्ञ सदस्येने मांडला' एवढंच. नाव नाही! कोर्टात हयात घालवलेल्या बाईकडून असा गलथानपणा अपेक्षित नव्हता.

१८ जानेवारी, शनिवार

डॉमिनोज खेळायला किनाऱ्यावर गेलो. माझ्या बाकावर डेल.

"गॉर्डन, ही माझी जागा आहे."

"होती," गॉर्डन म्हणाला. हा माझा जिवलग मित्र. मागच्या वर्षी त्याच्या संडासाचा पंप मी दोन दिवस खपून दुरुस्त केलाय. "तू गेलास ना?"

"मी गेलो नाहीये. मी इथे बसतोय."

"बस की. पण गेलास."

मी बसलो. त्यांनी मला वगळून सोंगट्या वाटल्या. तासभर बसलो. डेलने तीन वेळा चुकीची सोंगटी लावली, मी सांगितलं, आणि तिन्ही वेळा तो माझ्या पलीकडे बघून म्हणाला, "आज वारा काय छान सुटलाय."

२१ जानेवारी, मंगळवार

गावात ब्रेड आणायला गेलो. मिस ऑर्थनेलचं दुकान आहे धक्क्याजवळ. तिचा जन्म याच बेटावरचा. आम्ही बोटवाले तिच्या दृष्टीने हिवाळ्यात येणारे बगळे.

"काय कॅप्टन! तू तर गेलास म्हणे?"

"हवा नाही, मिस ऑर्थनेल."

ती दुकानाबाहेर आली, आकाशाकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माझा नवरा याच मोसमात पोरवयापासून दक्षिणेला मासळीला जायचा बाबा. आता तो देवाघरी गेला, पण तोसुद्धा तुझ्याइतके निरोप घेऊन नाही गेला. एका फटक्यात गेला."

मी हसलो. दुसरं काय करणार. तिने मात्र ब्रेड दिला. ठराव गावाला लागू नाही, हे बरं.

२५ जानेवारी, शनिवार

ब्रॉनविनचा व्हिडिओ कॉल. आमची मुलगी ग्रेनाडाला जनावरांची डॉक्टर आहे. नात टिली आठ महिन्यांची झाली. आज पहिल्यांदा आधाराशिवाय बसली आणि बसल्या बसल्या बाजूला कलंडली. खालचे दोन दात दिसायला लागलेत.

"बाबा, निघालात का?"

"हवा बघतोय, बेटा."

"ती जन्मली तेव्हापासून बघताय."

ती जन्मली तेव्हा मी सगळ्यांदेखत शब्द दिला होता की नातीला बघायला मी विमानाने येणार नाही, शीड उभारून येणार. आजोबा समुद्रातून आला, असं तिने मोठेपणी सांगावं. टाळ्या मिळाल्या होत्या.

कॉल संपल्यावर मॅव्हिस बराच वेळ भांडी पुसत राहिली. दोनच बश्या होत्या. मग म्हणाली, "लॉर्न, नीट ऐक. एक मार्चला मी विमान पकडणार. तू येणार असलास तर ये, नाहीतर राहा. पण एकदा मी तिकडे गेले की या बोटीवर परत यायची मला हौस उरेल, असं धरून चालू नकोस."

"तू धमकी देतेयस?"

"नाही रे. तारीख देतेय."

एकेचाळीस वर्षं संसार केला, पण आवाज न चढवता बोलते तेव्हा मला तिची भीती वाटते.

२६ जानेवारी, रविवार

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहून टाकतो. भीती मला मॅव्हिसची नाही. नऊ वर्षांपूर्वी फ्लोरिडाहून इकडे येताना समुद्र उठला होता. सहा तास बोट आडवीतिडवी लोळत होती, आणि त्या सहा तासांत माझे गुडघे माझे राहिले नव्हते. मॅव्हिस सुकाणू धरून उभी होती, एकदाही डगमगली नाही. त्या बाईला काय सांगू? तेव्हापासून बंदराच्या तोंडाशी पांढरा फेस दिसला की मी तोंड फिरवतो. मग मी हवामान सांगतो. सांगता सांगता वाऱ्यात थोडी भर पडते, हे मला कळतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

डिंगीची दोरी सुटली आणि ती वाहत गेली. रेडिओवर तीन वेळा सांगितलं. कोणाला ऐकू गेलं नाही. शेवटी विनीच म्हणाली, "एक बेवारशी डिंगी सापडली आहे. मालक बंदर सोडून गेले आहेत, सबब आज दुपारी किनाऱ्यावरच्या अदलाबदलीत मांडली जाईल."

डिंगीच नाही तर किनाऱ्यावर जाणार कसं? पोहत गेलो. माझ्याच डिंगीच्या बदल्यात मला मार्मलेडच्या तीन बरण्या कबूल कराव्या लागल्या. त्यातही डेल चार द्यायला तयार होता. गॉर्डनने मध्यस्थी केली, म्हणाला, "जाऊ दे रे, गेलेल्या माणसाच्या वस्तूवरून भांडू नये."

४ फेब्रुवारी, मंगळवार

विचित्र गोष्ट. वही चाळताना दिसलं की १४ जानेवारीच्या नोंदीत 'तेहतीस नॉट' पेन्सिलीने खोडून कोणीतरी 'सतरा' केलंय. माझ्याच हातून झालं असणार. पण अक्षर वळणदार आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

किनाऱ्यावर 'आठवणींचा तास' झाला. हा प्रकार नवीनच काढलाय. गेलेल्या लोकांबद्दल चार शब्द बोलायचे. आज माझ्यावर होता. मी मागच्या रांगेत बसलो होतो.

गॉर्डन म्हणाला, "माणूस सोन्यासारखा. पंपाला त्याचा हात लागला की पंप ऐकायचा." डेल म्हणाला, "हवामान जरा काळं सांगायचा, पण मनापासून सांगायचा." कोणीतरी विचारलं, "आता कुठे असतील ते?" विनी म्हणाली, "पोर्तो रिकोच्या पुढे गेले असतील. नातीला भेटायची किती ओढ होती त्याला." यावर सगळ्यांनी माना हलवल्या, आणि मला, लिहायला लाज वाटते, हुंदका आला. शेजारी बसलेल्या बाईने मला रुमाल दिला. "तुम्ही ओळखायचात त्यांना?" म्हणाली. या बाईच्या वाढदिवसाला मी केळ्याचा केक केला होता!

मॅव्हिस मात्र मजेत आहे. तिला कोणी वगळत नाही. सकाळी विनीकडे चहा, दुपारी गॉर्डनच्या बायकोबरोबर डबाबंद वस्तूंची मोजणी. ठराव बोटीला लागू आहे, बायकोला नाही, असं विनी म्हणते. ओळ दाखव म्हटलं तर वही बोटीवर राहिली म्हणाली. आम्ही तिच्या बोटीवरच उभे होतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मला एक नामी युक्ती सुचली आहे!

झालं असं. जेवताना मॅव्हिस सहज बोलून गेली, "नवीन आलेल्या बोटींचे काय लाड करतात ना? परवा त्या फ्रेंच जोडप्याला केक दिला. बंदराच्या तोंडातून आत आलं की झालं, नवीन." एवढंच बोलली, आणि कोशिंबीर वाढायला लागली. तिच्या डोक्यात काही नव्हतं, पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण बाहेर जायचं, अर्धा मैल, वळायचं आणि परत आत यायचं! ठरावाप्रमाणे आपण गेलेलो. मग आत येतो ती नवीन बोट. यादीत नाव येणार, माझी कामं मी परत मागणार.

मॅव्हिस म्हणाली, "कुठून सुचतं रे तुला?"

एक मार्चचं काय, असं मी विचारलं नाही, तिनेही काढलं नाही. एकदा माझी जागा मला मिळू दे, मग तिची समजूत घालीन. ती विमानाने गेली तर मी या बोटीवर एकटा काय करणार, हे मला अजिबात कळत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सोमवारी सकाळी जायचं ठरलं. डेल म्हणतो दोन-तीन दिवस वारा पश्चिमेकडून हलका राहील. गालिचेवाला असला तरी अर्ध्या मैलापुरता विश्वास ठेवायला हरकत नाही.

मॅव्हिसची तयारी बघून थक्क झालो. पाण्याच्या तिन्ही टाक्या भरल्या. डिझेल भरलं. मिस ऑर्थनेलकडून सहा ब्रेड आले. कपबश्या टॉवेलमध्ये गुंडाळल्या, पुस्तकं बांधली, डिंगी डेकवर उलटी करून आवळली. मी म्हटलं, "अगं, अर्धा तास बाहेर जाऊन यायचंय!"

"अर्धा तास झाला तरी समुद्र तो समुद्रच," ती म्हणाली.

टापटिपीचा तिला पहिल्यापासून सोस आहे. गॉर्डनची बायको येऊन तिला घट्ट मिठी मारून गेली. कशाबद्दल ते कळलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. लाँग आयलंड

क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच पटायचं नाही.

काल सकाळी साडेसातला नांगर उचलला. बघतो तर प्रत्येक बोटीच्या डेकवर माणसं. महिनाभर ज्यांना मी दिसत नव्हतो, ते हात हलवत होते. गॉर्डन रात्रीचा झगा घालूनच शंख फुंकत होता. विनी डोळे पुसत होती.

"मॅव्हिस, यांना आपण दिसतोय?"

"बंदराच्या तोंडाकडे बघ लॉर्न, डावीकडे खडक आहे."

सुकाणूवर ती होती. बंदराच्या तोंडातून बाहेर पडलो आणि पहिली लाट बोटीखालून गेली. मोठी नव्हती. पण लांबलचक आणि सावकाश होती. मी दोन्ही हातांनी शिडाची दोरी धरली.

अर्धा मैल झाला. मॅव्हिसने विचारलं, "वळू?"

आणि तेव्हा मला ते सुचलं, जे आठवडाभराच्या विचारात सुचलं नव्हतं. वळायचं म्हणजे बोट लाटांना आडवी घालायची. आडवी बोट लोळते. ती कशी लोळते, ते मला माहीत आहे. सरळ जात होतो तोवर निदान नाक पुढे आणि शेपूट मागे होती.

"आत्ता नको," मी म्हटलं. "ही मोठी लाट जाऊ दे."

ती लाट गेली. मागे दुसरी होती.

"वळू?"

"जरा थांब."

आठ वाजता रेडिओवर बंदर बोलत होतं, मला काही ऐकू येत नव्हतं. नऊ वाजता तिने विचारलं, "वळू का रे?" मी म्हटलं, "घाई काय आहे?" दहा वाजता विचारलं, तेव्हा मी नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर न्याहरी बाहेर आली असती. अकरा वाजता मागे वळून बघितलं, तर आमचं बेट म्हणजे क्षितिजावरची पिवळसर रेघ उरली होती.

मी डेकवर बसलो. तीस मैलांवरच्या बेटाकडे आम्ही चाललो होतो, आणि कारण एकच होतं, की मी वळायला घाबरत होतो. नऊ वर्षं ज्या भीतीने मला बंदरात बांधून ठेवलं, तीच मला बाहेर ओढून घेऊन चालली होती. हे कोणाला सांगितलं तर लोक हसतील. मलाच हसू आलं. पोट धरून हसलो, आणि हसता हसता रडायला लागलो.

मॅव्हिस म्हणाली, "काय झालं?"

"मला भीती वाटते," मी म्हटलं. "समुद्राची. फ्लोरिडापासून वाटते. हवा कधीच वाईट नव्हती. तेहतीस नॉट वगैरे सगळं खोटं. मी नातीला आठ महिने खोटं सांगतोय, आणि तुला नऊ वर्षं."

मला वाटलं ती चिडेल. वाटलं होतं, एवढं तरी म्हणेल की मला माहीत होतं. मी तिच्याकडे बघितलं. खरं तर सकाळपासून पहिल्यांदाच बघितलं, इतका वेळ माझी नजर लाटांवर होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. सुकाणूवरची बोटं अशी आवळली होती की नखं निळी झाली होती, आणि पाय थरथरत होते. दोन्ही.

"मॅव्हिस?"

"मला तुझ्यापेक्षा जास्त वाटते," ती म्हणाली. "तेव्हाही वाटत होती. त्या सहा तासांत मी एकदासुद्धा डोळे उघडले असतील तर शपथ."

"मग बोलली का नाहीस?"

"तू गुडघे धरून खाली बसला होतास. दोघंही घाबरलो तर बोट कोण चालवणार? आणि आता टिलीला दात आलेत, लॉर्न. आपण दोघं भीत बसलो तर ती रांगेल, चालेल, शाळेत जाईल."

ती रडत होती, पण नजर पुढेच. मी उठलो. हातातली दोरी सोडली. धरत धरत तिच्यापर्यंत गेलो. तिची बोटं सुकाणूवरून एकेक करून सोडवावी लागली, इतकी ती आखडली होती. हात बर्फासारखा गार होता.

"दे इकडे," मी म्हटलं. "आता तू बसून घाबर. मी उभ्याने घाबरतो."

ती बसली, माझ्या पायांशी, पाठ माझ्या पोटऱ्यांना टेकवून, आणि दुपारी दोनला आम्ही इथे पोहोचेपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत.

उद्या पुढे निघायचंय. उद्या कोणी आधी उभं राहायचं, ते अजून ठरलेलं नाही.